व्यवसाय : शेती

बिरू डॉक्टर झाला तेव्हा लासुर्ण्यात घरोघर पेढे गेले. त्याचं बिरू हे नाव मात्र तोवर मागं पडलं होतं. पुण्याला शिकायला गेल्यावर त्यानं ते वीरेंद्र करून घेतलं होतं. घरचं काय, असं कुणी विचारलं की तो सांगायचा, कालव्याखाली ऊस आहे. ते खोटं नव्हतं. पण दहा वर्षांपूर्वी त्या घराकडं उसाचं एक कांडं नव्हतं, दीडशे मेंढरं होती, आणि बिरूचं सगळं बाळपण त्यांच्या मागं रानोमाळ हिंडण्यात गेलं होतं. एवढं तो सांगत नसे.

सन छप्पन्न साली तो छातीच्या रोगांचं खास शिक्षण घेत होता. त्यातले सहा महिने बारामतीच्या एका दवाखान्यात काढायचे होते. बारा खाटा, एक क्ष-किरणाचं यंत्र आणि शिकवायला हिंदुराव डॉक्टर. हिंदुराव पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. आधी रोग्याजवळ बसा, तो काय करतो, कुठं झोपतो, कशात हात घालतो ते विचारा, मगच यंत्राकडं जा, असं ते बजावत. रोग्याच्या कागदावर व्यवसायाचा रकाना कोरा राहिला की कागद परत येई.

बिरूच्या बरोबर शिकायला कुंडलिक होता, वालचंदनगरच्या एका साहेबाचा मुलगा. मनानं वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. एखादा मेंढपाळ तपासून गेला की तो खिडक्या उघडायचा आणि म्हणायचा, आता दिवसभर नाकात लोकर बसणार. बिरू हसायचा. कुंडलिकपेक्षा मोठ्यानं हसायचा.

माघातल्या एका सकाळी गोजरबाई आली. बरोबर नवरा आबाजी, काखेत दीड वर्षाची जयवंता. छातीत दुखत होतं, खोकला हटत नव्हता, दोनदा रक्त पडलं होतं. तिला दारात पाहताच बिरूनं ओळखलं. ती त्याच्या आईची चुलतबहीण. दोन्ही घरांची मेंढरं कित्येक वर्षं एकाच रानात बसलेली. याच मावशीनं त्याला पाठुंगळी घेऊन नीरा ओलांडली होती. ती समोर बसली, त्याच्याकडं बघत राहिली आणि तिचा चेहरा उजळला.

"तू तानूबाईचा बिरू न्हवं का रं?"

शेजारच्या टेबलावर कुंडलिकनं मान वर केली.

"तुमची काहीतरी चूक होतेय," बिरू म्हणाला. "इथं कुणी बिरू नाही."

गोजरबाई आणखी क्षणभर बघत राहिली. मग तिनं पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली. आबाजी काही बोलणार होता, त्याच्या हातावर हात ठेवून तिनं त्याला गप्प केलं. बिरूनं पुढचे प्रश्न भराभर उरकले. काम काय करता, या प्रश्नाला ती हलक्या आवाजात म्हणाली, मेंढरं राखतो. कुंडलिकचे कान इकडंच होते. बिरूनं लिहिलं : शेती.

छातीच्या क्ष-किरण फोटोत उजव्या बाजूला, खाली, लिंबाएवढी गोल सावली दिसली. हिंदुराव त्या दिवशी इंदापूरला रोगी तपासायला गेले होते. परतल्यावर त्यांनी फोटो पाहिला, कागद वाचला. थुंकीत काही सापडलं नव्हतं म्हणून ते जरा घुटमळले. पण रक्त पडलेली, खोकणारी, शेतात राबणारी बाई. दहात नऊ वेळा हा क्षयच असतो. त्यांनी क्षयाचा उपचार सुरू केला.

क्षय म्हटल्यावर लेकरू जवळ ठेवता येईना. अंगावर पिणारी जयवंता त्याच दिवशी तोडली. मेंढरं एका जागी किती दिवस उपाशी बसवणार? आबाजी पोरीला भावजयीच्या ओटीत घालून पुढच्या रानाला निघून गेला आणि गोजरबाई नऊ नंबरच्या खाटेवर राहिली. रोज एक सुई. त्या औषधानं महिन्याभरात तिच्या कानांत गुणगुण सुरू झाली, चालताना तोल जाऊ लागला. पुष्कळदा सुई बिरूच देई. ती दंड पुढं करी आणि म्हणे, "द्या, डॉक्टरसाहेब." त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच बिरूला तिथं उभं राहवत नसे.

तिसऱ्या महिन्यात पुस्तक वाचता वाचता तो एका पानावर थबकला. मेंढरं आणि कुत्री पाळणाऱ्यांच्या फुप्फुसात पाण्यानं भरलेली गाठ होते, असं त्या पानावर होतं. कापलेल्या मेंढराची आतडी-काळीज कुत्रं खातं, त्याच्या पोटात जंत होतात, आणि त्यांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून माणसाच्या हाताला, हातावरून तोंडात जातात. फोटोत दिसते ती लिंबासारखी गोल, रेखीव सावली. औषध नाही, शस्त्रक्रिया करावी लागते. बिरूनं पुस्तक मिटलं. उद्या सांगू, असं ठरवलं. सांगायचं तर रकान्यात शेती कुणी लिहिली हे निघणार, आणि का लिहिली हेही निघणार. दुसऱ्या दिवशीही त्यानं उद्यावर ढकललं. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी नवा फोटो निघाला. सावली मोसंबीएवढी झाली होती. हिंदुराव दोघांना घेऊन नऊ नंबरच्या खाटेशी आले, स्टूल ओढून बसले आणि गोजरबाईला घरच्या जनावरांबद्दल विचारू लागले. मेंढरं आहेत, चार कुत्री आहेत, कुत्री आमच्यातच झोपतात, असं तिनं सांगितलं.

"हे पहिल्या दिवशी कुणाला सांगितलं नव्हतं का, बाई?"

गोजरबाईनं एकवार बिरूकडं पाहिलं. "माजंच सांगायचं ऱ्हायलं, साहेब."

बिरूला वाटलं, हिनं आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"त्यांनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी लिहिलं नाही. त्या माझ्या मावशी आहेत. मला ओळख द्यायची नव्हती."

कुंडलिक खिडकीबाहेर बघू लागला. हिंदुराव उठून आपल्या खोलीकडं निघाले. तिथं गेल्यावर बिरूनं पुस्तकातल्या पानाचंही सांगून टाकलं. कधी वाचलंस, एवढंच त्यांनी विचारलं. अकरा दिवस झाले, तो म्हणाला. हिंदुरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मीही तिच्याजवळ बसलो नाही, कागदावर विसंबलो. ती चूक माझी. पण हे अकरा दिवस तुझे आहेत."

त्यांनी त्याला हाकलून दिलं नाही. घडलं ते जसंच्या तसं वर कळवलं, आणि बिरूचं शिक्षण सहा महिन्यांनी लांबलं. ते सहा महिने त्यानं जमिनीवर बसून रोग्यांची हकीकत लिहून घेण्यातच काढले. गोजरबाईला पुण्याला नेलं. गाठ न फुटता अख्खी निघाली. बाई वाचली, पण एका कानानं तिला पुन्हा ऐकू आलं नाही.

दिवाळी झाल्यावर बिरू निमगाव केतकीला उतरला. गावाबाहेरच्या एका वावरात मेंढरं बसली होती. आबाजीनं त्याला बघून न बघितल्यासारखं केलं. गोजरबाई चुलीपाशी होती. तिच्याजवळ बसून बिरू हळूच म्हणाला, मावशी, मला माफ कर. तो तिच्या बहिऱ्या कानाच्या बाजूला बसला होता. तिला ऐकूच गेलं नाही. तिनं मान वळवून, काय म्हणालास, असं विचारलं. मग त्याला तेच मोठ्यानं म्हणावं लागलं, आणि वावरातली सगळी माणसं त्याच्याकडं बघू लागली.

"आयकलं," ती म्हणाली. "आता कुत्र्यांचं काय त्ये ह्यास्नी सांग. माजं कुणी मनावर घेत न्हाय."

बिरू उठून गडीमाणसांत जाऊन बसला. आतडी कुत्र्यांना टाकू नका, पुरून टाका, भाकरीआधी हात राखेनं घासा, असं सांगू लागला. इतक्या वर्षांनी घरची बोली तोंडात नीट बसत नव्हती, मधेच पुण्याचे शब्द येत होते. तेवढ्यात पलीकडं जयवंता पाय अडकून पडली आणि रडू लागली. गोजरबाईनं बसल्या जागेवरून दोन्ही हात पुढं केले. पोर उठली, रडत रडत तिच्या हातांजवळून पुढं गेली आणि चुलतीच्या पदरात शिरली.

बिरूचं बोलणं मधेच तुटलं.

गोजरबाईनं हात मागं घेतले आणि चुलीत काटकी सारली. "सांग की," ती म्हणाली. "थांबलास का?"

आणि बिरू खाली मान घालून पुढचं सांगू लागला.