पाठातली निर्दयी बाई

नववीच्या मराठीत वच्छला चार मार्कांनी नापास झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिची आई पारूबाई कुंभारीहून तडक शाळेत हजर! मी शिवलिंगप्पा, मराठीचा मास्तर. माझं डोकं फिरायला वेळ लागत नाही.

"गुर्जी, पास करा की हो तिला! नापास झाली तर शाळा बंद, असं तिचा बा म्हणतोय."

"मग अभ्यास नको करायला? अहो, वर्गात उत्तर लिहून दिलं होतं मी!"

पाठ दुष्काळातला. एक वाटसरू दारात येऊन बायकापोरांसाठी पाणी मागतो, घरातली बाई नाही म्हणते. प्रश्न नेहमीचा: बाईचं स्वभावचित्र रेखाटा आणि पाठातला संघर्ष सांगा. उत्तरही नेहमीचं: बाई निर्दयी, संघर्ष माणुसकी आणि स्वार्थ यांचा. नऊ वर्षं मी तेच लिहून देतोय. आणि ह्या पोरीनं भलतंच काहीतरी लिहून ठेवलेलं. दोन ओळी वाचून मी दहापैकी शून्य ठोकलं होतं.

"ऐकाच लेकीचे प्रताप," म्हणत मी पेपर काढला आणि मोठ्यानं वाचायला लागलो.

'बाई निर्दयी नाही. नाही म्हणण्याआधी ती विचारते, तुम्ही किती जण? द्यायचंच नसतं तर विचारलं कशाला? संघर्ष तिच्या मनातच चालू आहे.'

मी थांबलो. पुस्तक उघडलं. होतं की ते वाक्य! नऊ वर्षं घसा फोडून वाचलं, पण एकदाही त्याच्यावर थांबलो नाही. लाज वाटली मला, खरंच वाटली.

"फुडं वाचा की," पारूबाई म्हणाली.

'बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईनंही दारात आलेल्या एका बाईला असंच विचारलं होतं. ती म्हणाली, चौघं. आमच्या घरात एक तांब्या पाणी होतं. आई "न्हाय" म्हणाली. मग तो तांब्या तिनं मला पाजला, स्वतः थेंबही घेतला नाही. दिवसभर रस्त्याकडे बघत बसली.'

मी शून्य खोडून सात लिहिले, खाली सही केली.

"पास झाली तुमची वच्छला. शाळा बंद करायची नाही, सांगा तिच्या वडिलांना. नाही ऐकलं तर मी येतो कुंभारीला भांडायला!"

पारूबाईनं मान हलवली, पण नजर त्या कागदावरच होती. पदर तोंडाला लावून ती रडायला लागली.

"गुर्जी, मला वाटायचं, पोरीनं माझं 'न्हाय' तेवढंच ऐकलंय."