मीटिंग सुटेपर्यंत

सासूबाईंनी दाराचं कुलूप हलवून पाहिलं आणि काचेला कपाळ टेकवून आत डोकावल्या. हॉलमधल्या खुर्च्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर रंगाचे डाग पडलेली चादर टाकलेली होती.

"बंद आहे," मागून जावई म्हणाला. "चला, परत जाऊ. पुढच्या वेळी बघू."

त्याच्या आवाजातला सुटकेचा सूर त्यांना बरोबर ऐकू आला. त्यांचं सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं होतं. चेहरा न बघता नुसत्या आवाजावरून त्यांना माणूस कळायचा. जावयाचं पिणंही घरात सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळलं होतं, फोनवर. बोलणं नेहमीचंच, पण एकेक शब्द जपून उचलून ठेवल्यासारखा. लेक तेव्हा कानांवर हात ठेवत होती.

व्हरांड्यात शिडीवर चढलेल्या रंगाऱ्याला त्यांनी मीटिंगचं विचारलं.

"ते दारूवाले ना?" तो म्हणाला, आणि जीभ चावली. "म्हणजे, सोडलेले. आमचं काम संपेपर्यंत त्यांना मागच्या गल्लीत हलवलंय. टायपिंग क्लासच्या वर."

सासूबाईंचे गुडघे सकाळपासूनच कुरकुरत होते. पण त्या चालायला लागल्या, आणि जावयाला मागून यावंच लागलं. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. दाढी करताना हनुवटीवर कापलं होतं. चष्म्याच्या दुकानात तो कारागीर होता. फ्रेमच्या बिजागरीतले बारीक स्क्रू बसवायचं काम. अलीकडे मालकानं त्याला काउंटरवर उभं केलं होतं. हातांबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी बार होता. दोघांनीही तो न पाहिल्यासारखं केलं.

इमारतीला दोन जिने निघाले. सासूबाईंनी खाली बसलेल्या इस्त्रीवाल्याला खणखणीत आवाजात विचारलं, "दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठल्या जिन्यानं?"

जावई शेजारच्या दुकानातले बूट निरखून पाहू लागला.

"डावीकडच्या," हात न थांबवता इस्त्रीवाला म्हणाला. "उजवीकडे नाचाचा क्लास आहे. मागे एक गृहस्थ तासभर तिथेच बसले होते. म्हणाले, मला वाटलं हीच पद्धत असेल."

जावई हसला. अगदी मोकळं, पोटातून. हे हसू सासूबाईंनी कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं. ह्याच हसण्यावर लेक भाळली होती, कुणाचं काही ऐकलं नव्हतं तिनं. इथपर्यंत लपवून आणलेली गोष्ट आता सासूबाईंना पुढे नेववेना.

जिन्याच्या पहिल्या वळणावर त्या पायरीवरच बसल्या.

"दुखतंय का? दम घ्या जरा," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आई, तिला सांगाल ना, मी आलो होतो म्हणून? आधी मीटिंगला जा, मग बोलू, असं म्हणाली होती."

"बसा जरा."

तो बसला नाही.

"ती येणार नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "बोलायलाही नाही. दुसऱ्या गावात नोकरी धरलीय तिनं. सामानही गेलं."

त्यानं कठडा धरला.

"मग मला इथे कशाला आणलंत?"

"चार-दोन मीटिंगा होऊ देत, मग कळू दे त्याला, असं तीच म्हणाली. मलाही पटलं होतं. पण तिकडे फोन ठेवून दिलेला आणि इकडचा माणूस आपला बोलतोच आहे, हे मला ऐकवत नाही. नोकरीतही कधी ऐकवलं नाही."

तो वळला आणि खाली उतरून गेला. पावलं फरशीवर वाजली, मग रस्त्यावरच्या आवाजांत मिसळली. सासूबाईंनी उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी साथ दिली नाही. वर खुर्च्या सरकत होत्या. दोन-तीन माणसं अंग चोरून त्यांच्या बाजूनं वर गेली. एका बाईनं विचारलं, "आत येताय?" त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. कुणाला हाक मारावी हे त्यांना सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळानं कुणीतरी जिना चढू लागलं.

"पाणी आहे?"

आवाज कोरडा होता, फाटलेला होता, पण त्याचाच होता. वास नुसता घामाचा. त्यांनी पिशवीतली बाटली दिली. तो घटाघटा प्यायला. थोडं पाणी कॉलरवर सांडलं.

"बारच्या दारापर्यंत गेलो होतो," तो म्हणाला.

त्याला झाकण फिरवता येईना. त्यांनी बाटली हातातून घेतली आणि स्वतः लावलं.

"तुम्ही घरी जा आता," असं म्हणून तो वर गेला. दार उघडलं. कुणीतरी म्हणालं, "या, इथे जागा आहे." दार लागलं.

थोड्या वेळानं पर्समध्ये फोन वाजला. लेक होती.

"गेला का?"

"गेला."

"काही बोलली नाहीस ना?"

"सांगितलं सगळं."

लेकीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"तू पण ना, आई," ती शेवटी म्हणाली. "आहेस कुठे?"

"जिन्यात."

"घरी जा गं. किती करशील अजून? आता तुझा कोण लागतो तो?"

वर दारामागे कुणीतरी बोलत होतं, मध्येच अडखळत, पुन्हा सुरू करत. सासूबाईंनी कान दिला. जावयाचा आवाज नव्हता. अजून नव्हता.

"सुटेपर्यंत बसते मी," त्या म्हणाल्या. "तू जेवून घे."

फोन पर्समध्ये टाकून त्यांनी पाय आखडून घेतले. उशिरा येणाऱ्याला वर जायला तेवढी वाट पुरली असती.