मला शाई लावू नका
मी एक जुना, वाळलेला शिक्का आहे, आणि मित्रांनो, मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. वर लाकडी मूठ, खाली रबर आणि रबरावर कोरलेले दोनच शब्द : कारण अज्ञात.

प्रसूतिगृहाच्या नोंदणीखोलीत माझं आयुष्य गेलं. बाळ जन्माआधी पोटातच गेलं, की त्याचा कागद आमच्याकडे यायचा. कारकूनभाऊ मला शाईच्या गादीवर टेकवायचे आणि कागदावर ठप्प. "काय झकास उठतो हा," असं ते कौतुकाने म्हणायचे, आणि मी फुगून जायचो. लाज वाटते आता.

एका दुपारी शिवणकाम करणारी एक ताई आली. गळ्यात मोजपट्टी तशीच, हातात माझा ठसा असलेला कागद.

"अज्ञात म्हणजे माहीत नाही, असंच ना?" तिने विचारलं. "मग मला का नाही विचारलं कुणी? मला माहीत होतं. दोन दिवस बाळ हलत नव्हतं. सांगायला आले, तर झोपलं असेल म्हणून घरी पाठवलं."

"कोण म्हणालं असं?" कारकूनभाऊंनी विचारलं.

दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. भले भले डॉक्टर त्यांना वचकून असत. त्यांचा चेहरा पडला.

"मीच म्हणाले," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

त्यांनी मला कारकूनभाऊंच्या हातातून काढून घेतलं आणि खणात टाकलं. मग जुने कागद उपसले, त्या बाळांच्या आयांना गाठलं आणि एकेकीला विचारलं. असे प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. दूरदूरच्या देशांतल्या सुइणी आणि डॉक्टरही हेच करत होते. त्यांची प्रश्नावली सिस्टरांनी मागवून घेतली. रक्तदाब कधी मोजला? हालचाल कधी कमी झाली? आल्यावर किती वेळ बसवून ठेवलं? वरिष्ठ म्हणाले, "नशिबापुढे कुणाचं चालतं, सिस्टर?" सिस्टर म्हणाल्या, "नशिबाची सही आणा कागदावर, मग बोलू."

कितीतरी आया वेळेत येऊन सांगून गेल्या होत्या. ऐकलं कुणीच नव्हतं. तेव्हापासून 'बाळ कमी हलतंय' म्हणणाऱ्या बाईला तपासल्याशिवाय घरी पाठवायचं नाही, असं ठरलं.

दोन वर्षांनी तीच ताई भरल्या दिवसांची आली. गर्दी होती. "सकाळपासून गप्प आहे बाळ," ती म्हणाली.

"बसा जरा. झोपलं असेल," नवी नर्स म्हणाली.

"झोपलंय की नाही ते तपासून सांगा. तोवर मी इथून हलत नाही."

आवाज ऐकून सिस्टर धावल्या. बाळाचे ठोके मंदावले होते. तासाभरात ऑपरेशन झालं. मी बंद खणात होतो, तरी पोरीने पसरलेलं भोकाड मला ऐकू आलं.

अजूनही काही बाळं जातात, आणि काहींचं कारण खरंच सापडत नाही. तेव्हा सिस्टर पेनाने लिहितात, 'आईला विचारलं. शोधलं. अजून सापडलं नाही.' खाली स्वतःची सही करतात.

मित्रांनो, इतर वस्तू म्हणतील, आम्हाला जपा. मला जपू नका. परवा सिस्टर रजेवर होत्या. नव्या कारकुनाने मला शोधून काढलं, शाई लावली आणि एका गेलेल्या बाळाच्या कागदावर दाबलं. माझं रबर कधीच तडकलं होतं. मी उमटलो नाही. त्याने पुन्हा दाबलं. तरीही नाही. शेवटी तो वैतागून उठला, आणि आईला विचारायला वॉर्डात गेला.