दुमडलेलं टोक

पन्नाशी उलटली, डोक्यावर केस औषधालासुद्धा उरले नाहीत, तरी अख्खं घराणं त्याला धाकटाच म्हणायचं. वायरमन मात्र पक्का. त्या सकाळी आत्याच्या पॅसेजच्या छतातले जुने दिवे काढून नवे बारा व्होल्टचे बसवायला आला, तर आधी टेस्टर चालू सॉकेटला लावून पाहिला, मग मेन बंद केला, पेटीला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली आणि पुन्हा सगळीकडे टेस्टर लावला.

"अरे, दिवे बदलतोयस की तिजोरी फोडतोयस?" आत्या म्हणाली.

"दादाची शिकवण," त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि तो घाईघाईने शिडी लावायला लागला.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, आणि हे काम शिकवणारा गुरूही. चौदा वर्षांपूर्वी याच घरातले लोंबते बल्ब उतरवून दोघांनी छतात बारा व्होल्टचे दिवे बसवले होते. स्वयंपाकघर दादाचं, पॅसेज धाकट्याचा. महिनाभरात स्वयंपाकघराचं छत पेटलं. माणसं वाचली, नशीब! सगळे जमले तेव्हा धाकटाच सगळ्यांत मोठ्याने ओरडला, "स्वयंपाकघरात मी हातसुद्धा लावलेला नाही!" लावला नव्हताच. पण वर चढून नीट बघायचं कुणाच्या बापाला सुचलं? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय! जळकं छत उतरवलं, पॅसेजचे दिवे बंद केले ते कायमचे. दादाने दोष आपलाच मानला. पक्कड ठेवून दिली आणि एका शाळेच्या फाटकावर पहारेकरी झाला. त्यानंतर घरातला साधा बल्बसुद्धा तो शेजाऱ्याकडून बदलून घ्यायचा.

धाकट्याने पॅसेजच्या छताची झडप उघडली आणि आत टॉर्च मारला. तुळईमागे, त्याने स्वतः बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरपाशी, एक जोड वितळून काळा गोळा झाला होता. तिथून जळाल्याची रेघ लाकडावरून थेट स्वयंपाकघराकडे गेली होती. आग इथून सुरू झाली होती.

गोळ्यातून बाहेर आलेलं तारेचं टोक त्याने चिमटीत धरलं. सरळ होतं. दादा प्रत्येक टोक दुमडून मगच स्क्रूखाली द्यायचा, पकड घट्ट बसावी म्हणून. धाकट्याला कंटाळा. "बारा व्होल्टला काय होतंय!" म्हणायचा. आणि दादा डाफरायचा, "गाढवा, व्होल्ट कमी तेवढा करंट जास्त. ढिला जोड घर जाळेल!"

पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर हा शिडीवर.

"काय रे, काय सापडलं?" खालून आत्याने विचारलं.

"माझं पाप, आत्या."

त्याने जळका जोड कापून खिशात घातला. नवे दिवे खोक्यातच राहिले. दुपारी तो दादाच्या खोलीवर गेला, चौदा वर्षांत पहिल्यांदा. वर ट्यूब फडफडत होती. दादाने ओळखलं, खुर्ची पुढे केली.

धाकट्याने जोड त्याच्या तळहातावर ठेवला. "आत्याच्या पॅसेजमधला आहे. आग याच्यापासून लागली."

दादाने चष्मा वर सरकवून टोकावरून अंगठा फिरवला. दोनदा फिरवला.

"हे सरळ आहे."

"माझं आहे, दादा. चुकलो मी. सगळ्यांदेखत तुझ्यावर ढकलून मोकळा झालो."

दादाने तो तुकडा ट्यूबच्या उजेडात धरला. मग लहान मुलासारखं विचारलं, "म्हणजे माझा जोड नव्हता तो?"

"नाही रे."

"मग मी इतकी वर्षं तारेला हात लावायला कशाला घाबरलो?"

धाकट्याला रडू फुटलं. काहीतरी करायचं म्हणून तो डोळे पुसत उठला, स्टूल ओढलं आणि ट्यूबकडे हात नेला.

"राहू दे," दादा म्हणाला. "उद्या शेजारी येणार आहे."