सत्यवतीबाईंची पलटण

सत्यवतीबाईंच्या एका हातात लाटणं होतं, दुसऱ्या हातात सूप, आणि डोक्याला नवऱ्याचा धुवट पंचा बांधलेला. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून त्या स्वयंपाकघराच्या दारात भोसल्यांचा शिपाई होऊन उभ्या होत्या. समोर पाटावर वामनराव, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात तारेवर चढवलेला शाडूचा बोटभर माणूस. स्टोव्हवरचं वरण उतू गेलं तरी शिपायाने हलायचं नाही, असा दंडक होता. शेजारची पंचफुला एकदा विरजण मागायला आली आणि हे ध्यान पाहून विरजण न घेताच पळाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला खबर.

वामनराव कार्पोरेशनच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. त्र्याहत्तर साली रिटायर झाले आणि घरात नुसते भिंतीकडे बघत बसायला लागले. वाढलं तर जेवत, नाही वाढलं तर मागत नसत. सत्यवतीबाईंना त्या बसण्याची धास्ती बसली. मग एके दिवशी वाचनालयाचे चिटणीस मधुसूदनपंत सहज बोलून गेले, की आमच्याकडे काचेचं एक कपाट रिकामं पडलंय, जुन्या भोसलेशाही पलटणीचे शिपाई कोणी करून दिले तर मांडू; मात्र पोशाख अस्सल हवा, नाटकातला नको. त्या दिवसापासून माणूस पुन्हा भाकरी मागून खायला लागला. ते कपाट वामनरावांना मिळावं म्हणून सत्यवतीबाई दारातच काय, छपरावरसुद्धा उभ्या राहिल्या असत्या.

अस्सलपणाने वामनरावांना पार झपाटलं. पगडीचा पीळ कोणत्या बाजूने, अंगरख्याचे बंद डावीकडे की उजवीकडे, शेला तलवारीच्या वरून की खालून, यासाठी ते अजब बंगल्यातल्या, म्हणजे सरकारी म्युझियममधल्या, जुन्या चित्रांपुढे इतके ताटकळत, की तिथला पहारेकरी त्यांना आपलं स्टूल देऊ लागला. बंद चुकीच्या बाजूला रंगवले गेले म्हणून एका शिपायाचं अख्खं अंग त्यांनी ओल्या फडक्याने पुसून काढलं होतं. शिवाय कापड अंगावर कसं पडतं, हे जिवंत माणसावर पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. जुन्या विद्यार्थ्यांना उभं केलं तर ते हसत सुटायचे. राहता राहिल्या सत्यवतीबाई.

आणि सत्यवतीबाईंचा राहिला उजवा गुडघा. पोळा झाल्यावर तो धरायला लागला, दसऱ्याला ठणकायला लागला. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोललं की आपलं उभं राहणं बंद, ते बंद झालं की शिपाई बंद, आणि मग पुन्हा ती मेली भिंत. सगळा भार डाव्या पायावर टाकायचा आणि मनातल्या मनात गजाननबाबांचं नाव घ्यायचं, असं त्यांचं चाललं होतं. वामनराव अजब बंगल्यात गेले की त्या गुडघ्याला लसणाचं तेल चोळून घेत. वास येतो म्हणून नवऱ्याने विचारलं, तर लसणाची फोडणी दिल्याचं सांगून मोकळ्या होत.

संक्रांत झाली आणि मधुसूदनपंत भिंग घेऊन घरी आले. पाटावर पलटण मांडलेली. त्यांनी पगडी पाहिली, बंद पाहिले, शेला पाहिला आणि मान डोलावत राहिले. पोशाखात बोट ठेवायला जागा नाही, असं त्यांनी तोंडभरून सांगितलं. आतून ऐकणाऱ्या सत्यवतीबाईंनी चहात साखर जरा जास्तच घातली.

"पण मास्तर," मधुसूदनपंत म्हणाले, "हे सगळे असे एका अंगावर का कलंडलेत? पलटण रांगेत उभी आहे ना? आणि ज्याचा रंग जितका ताजा, तो तितका जास्त कललेला."

 पाय तेवढे सरळ करून द्या, कपाट तुमचंच, असं सांगून पंत गोड चहा पिऊन गेले.

सत्यवतीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या पायाने नवऱ्याची पलटण बुडवली होती. त्या आपणहून लाटणं-सूप घेऊन दारात आल्या, आणि मी सरळ उभी राहते, तुम्ही पाय करा, म्हणाल्या. वामनरावांनी दोन्ही पायांवर सारखा भार द्यायला सांगितलं. त्यांनी दिला. लाटणं थरथरायला लागलं, सूप खाली पडलं, आणि त्यांनी दाराची चौकट धरली. इतके महिने पगडीपासून शेल्यापर्यंतच पाहणाऱ्या माणसाने पहिल्यांदा शेल्याच्या खाली पाहिलं.

"पाय दुखून राहिला काय वं?"

सत्यवतीबाईंनी हळूच उजवा पाय उचलून धरला.

"काहून नाही सांगितलं मले?"

"तुम्ही पोटभर जेवून राहिले होते ना," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वामनराव त्यांना धंतोलीत हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दुखणं कधीपासूनचं, असं डॉक्टरांनी विचारलं. चार-आठ दिवस झाले असतील, असं सत्यवतीबाईंनी ठोकून दिलं. वामनरावांनी पिशवीतून डबा काढला, कापसातले शिपाई एकेक करून डॉक्टरांच्या टेबलावर रांगेत उभे केले.

"हा पोळ्याचा, सरळ आहे. हा पित्तरपाटातला, थोडा कलला. दसऱ्याचा हा पाहा, टाच उचलली आहे. अन् हा संक्रांतीचा." शेवटच्या शिपायावर त्यांनी बोट ठेवलं. "मी बंद कोणत्या बाजूले ते पाह्यत होतो डॉक्टर. हे सारं माह्याच हातानं केलं, अन् मले दिसलं नाही."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एकेक शिपाई उचलून पाहिला आणि मग गुडघा तपासायला घेतला. सत्यवतीबाईंना अवघडल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं.

परतताना रिक्षात त्यांनीच विषय काढला. एखादं पोरगं उभं करा, पाय तेवढे दुरुस्त करा, म्हणजे कपाट हातचं जाणार नाही, असं त्या समजावत राहिल्या. वामनरावांनी मांडीवरचा डबा घट्ट धरला.

"पाय बरोबर आहेत त्याईचे. अस्सल आहेत. मी नाही हात लावत."

"मग आता दिवसभर काय करसान?" सत्यवतीबाईंनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांपुढे ती भिंत आली होती.

"तुले उभं राहू द्यायचं नाही, म्हटलं डॉक्टरनं. भाकरी कोण करीन?"

"तुम्हाले थापता येते काय?"

"नाही," वामनराव म्हणाले. "तू बसून थापून दाखव एक. मी पाहून पाहून करीन."