बाजूच्या सीटवरचा क्लच

शोरूमच्या दारात उभ्या असलेल्या नव्या गाडीत, डावीकडच्या सीटवर बसून मास्तरांनी बुटाच्या टोकाने खालची चटई चाचपून पाहिली. आधी पुढे, मग जरा उजवीकडे, मग पुन्हा पुढे. चटईखाली काहीच नव्हतं.

"काही पडलं का?" स्टीअरिंगवर बसलेल्या बायकोने विचारलं.

"नाही. पाय पुरतोय का बघतोय."

"मग? पुरतोय?"

"पुरतोय," म्हणत मास्तरांनी पाय मागे घेतला.

जागा ऐसपैस होती. पण मास्तरांच्या पायाला तिथे करण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याच काळजीने त्यांना चार दिवस नीट जेवण गेलं नव्हतं.

मास्तरांनी एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं, असं लोक म्हणत. खरं तर ते त्यांच्या पायाखालून गेलं होतं. शिकवणाऱ्याची जागा डावीकडे, आणि त्या जागेपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक. शिकणाऱ्याच्या पेडलांना ते खालून सळईने जोडलेले. नवीन माणूस गाडीत बसला, की मास्तरांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "मी इकडे दाबलं, की तुमच्याकडचं पेडल आपोआप खाली जाईल. घाबरू नका. मी आहे." मग समोरचा माणूस हमखास घाबरायचा, आणि मास्तर हमखास असायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्कूल बंद केलं. पाटी उतरवली, गाडी मात्र घरच्या वापराला ठेवली. डावीकडची पेडलं काढून टाकायला हवी होती. गॅरेजवाल्याने दोनदा आठवणही करून दिली. पण मास्तरांना वेळच होत नव्हता, आणि हे मास्तर म्हणत होते, ज्यांना सकाळी पेपर वाचून झाला की दिवसभर कोणी विचारत नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी त्या गाडीचा गिअरबॉक्स भर चौकात बसला. गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिलं, हात पुसले आणि म्हणाला, "मास्तर, आता हिला सोडा."

तेव्हापासून घरात वाद सुरू झाला, आणि तो उलटा होता. जन्मभर ज्यांनी क्लच नसलेल्या ऑटोमॅटिक गाडीला पाळणा म्हणून हिणवलं, ते मास्तर ऑटोमॅटिकच घ्यायची म्हणून अडून बसले. बायको म्हणाली, गिअरचीच. परगावच्या लेकीने फोनवर दोघांचं ऐकून घेतलं आणि काळजीने विचारलं, "बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय? ट्रॅफिक किती वाढलंय बघ. पुलावर सकाळी तासभर नुसतं क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक. तुझ्या आईच्या पायाचे तुकडे पडतील."

"सोळा वर्षांत पडले नाहीत ते?" आई मागून म्हणाली.

ती पुलापलीकडच्या रुग्णालयात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करायची. बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली, नवऱ्याच्याच स्कूलमध्ये, रांगेत नंबर लावून. तेव्हापासून सोळा वर्षं ती रोज गाडी घेऊन पूल ओलांडत होती. पुलाचा चढ भलता उभा, त्यात मध्यावर सिग्नल. तिथे मुरलेल्या ड्रायव्हरांच्याही गाड्या मागे घसरत. पण आपली गाडी त्या चढावर एकदाही बंद पडली नाही, हे ती लग्नकार्यात, लॅबमध्ये, भाजीवाल्याकडे, जिथे विषय निघेल तिथे सांगायची. जिथे निघायचा नाही तिथे काढायची. मास्तर शेजारी उभे असले तर मान डोलवायचे.

खरं तर चढावर क्लच दाबणारा पाय त्यांचा होता. स्कूलही पुलापलीकडेच, म्हणून दोघं रोज बरोबर निघत. चढ आला की ती बोलत असायची, लेकीबद्दल, लॅबमधल्या कुणाबद्दल, आणि मास्तर हूं हूं करत आपल्याकडचा क्लच अलगद दाबून धरायचे, अर्ध्यावर सोडायचे, पुन्हा दाबायचे. स्कूल बंद झाल्यावरही ते तिच्याबरोबर जात राहिले. कधी चष्म्याची काडी सैल झालेली असायची, कधी पलीकडच्या दुकानातलाच दाढीचा साबण हवा असायचा. तिला लॅबच्या दारात सोडून ते बसने परत यायचे. दोन वर्षांत त्यांच्याकडे साबणाच्या बावीस वड्या जमल्या होत्या.

नव्या गाडीला डावीकडे पेडलं नव्हती. ही आता चढावर एकटी पडणार, गाडी मागे घसरणार, मागे ट्रक. मास्तरांना झोपेतही तो ट्रक दिसायचा. आणि तिला आधीच सावध करावं, तर ज्या गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त अभिमान तीच तिची नव्हती, हे आपल्या तोंडाने सांगायचं. त्यापेक्षा ते पाळण्यात बसायला तयार होते.

"सर, ओळखलंत का?" मागचं दार उघडून शोरूमची बाई आत बसली. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन गाड्यांच्या किल्ल्या. "तुमचीच विद्यार्थिनी. तीनदा नापास झाले होते."

"चारदा," मास्तर म्हणाले.

"चारदाच," ती हसली. "आधी कुठली बघायची? सर ऑटोमॅटिक म्हणाले होते."

"आधी ही गिअरची," बायको म्हणाली. "पुलावर नेते."

"आत्ता कशाला पुलावर?" मास्तर म्हणाले. "नऊ वाजलेत. ऐन गर्दीची वेळ. मागच्या मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारू की."

"मोकळ्या रस्त्यावर कुठलीही गाडी चांगलीच चालते. हे तुम्हीच शिकवलंय."

तिने आरसा नीट केला, क्लच दाबून पाहिला, आणि गाडी रस्त्यावर काढली.

गाडी पुलाशी आली. चढाच्या पायथ्याशीच गाड्या थांबलेल्या होत्या. पुढे एक शाळेची बस, मागे खरोखरच एक ट्रक. मास्तरांनी आरशात त्याच्याकडे पाहिलं आणि दाराचं हँडल घट्ट धरलं. बस दोन हात सरकली. मास्तरांचे दोन्ही पाय चटईवर दाबले गेले, अगदी बोटं वळेपर्यंत. चटई जिथल्या तिथे राहिली. आपण काहीच करू शकत नाही, हे त्यांना त्या क्षणी इतकं लख्ख कळलं की त्यांनी डोळे मिटून घेतले.

गाडी हलली. झोल नाही, धक्का नाही, आवाज चढला नाही. दोन हात जाऊन थांबली. पुन्हा बस सरकली, पुन्हा ही उचलली गेली. तिसऱ्या वेळी मास्तरांनी डोळे उघडले आणि तिच्या डाव्या पायाकडे पाहिलं. टाच जमिनीला टेकलेली, पंजा हलका, पेडल चोरासारखं वर येत होतं. असा क्लच त्यांच्या एकतीस वर्षांत फार तर चार-पाच जणांना जमला असेल. सिग्नलला ती चांगली तीन मिनिटं चढावर थांबली, आणि हिरवा दिवा लागल्यावर गाडी बोटभरही मागे न जाता निघाली. हे सगळं चालू असताना ती लॅबमधल्या नव्या यंत्राबद्दल काहीतरी सांगत होती. मास्तर हूं म्हणायचं विसरले.

"मॅडम, काय सुरेख उचललीत हो," पूल उतरताना मागून शोरूमची बाई म्हणाली. "मी शिकत होते ना, तेव्हा ह्या चढावर सगळं सरच करायचे. लगेच कळायचं. आपल्या पायाखालून पेडल निसटायचंच ना खाली. मला तर इतकी लाज वाटायची."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी दाबलं, की तुमच्याकडचं पेडल आपोआप खाली जाईल. हे वाक्य त्यांनी हजारो लोकांना ऐकवलं होतं. बायकोलाही ऐकवलं होतं, तिचा नंबर आला त्या दिवशी.

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. शोरूमच्या बाईला काहीतरी उमगलं असावं. "मी एक फोन करून येते," असं म्हणून ती उतरली आणि फोन न काढताच चार पावलांवर जाऊन उभी राहिली.

"तुला कळायचं?" मास्तरांनी विचारलं.

"माझा पाय काय लाकडाचा आहे?"

"सोळा वर्षं?"

"पहिली दोन वर्षं खरंच लागायचा तुमचा पाय. मग नाही." ती समोर पाहत होती. "एकदा मी आधीच दाबला होता. आठवतंय? तुमचा पाय नुसताच खाली गेला. त्या दिवशी रात्री जेवताना म्हणालात, उद्यापासून तू एकटीच जात जा, मी मागाहून येईन बसने."

मास्तरांना आठवलं. त्यांनी ते सहज म्हटल्यासारखं म्हटलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी चढावर हिला नेमकी अडचण आली होती. त्यांनी मोठ्या आनंदाने क्लच दाबला होता.

"मला तुम्ही बरोबर हवे होतात," ती म्हणाली. "सकाळचा तेवढाच एक तास मिळायचा आपल्याला. क्लच काय, कोणीही दाबला असता."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि पुसलेलाच पुन्हा पुसला.

"मग लोकांना सांगत का फिरायचीस, एकदाही बंद पडली नाही म्हणून?"

"नाहीच पडली ना? माझी गाडी म्हणत होते मी. माझ्या एकटीच्या पायाने, असं कधी म्हटलं?"

मास्तरांना हसू आलं. सोळा वर्षं आपण एक गुपित सांभाळतो आहोत असं त्यांना वाटत होतं, आणि त्या गुपिताची खरी राखण हीच करत होती. आपलं हिच्यावर किती प्रेम आहे, हे त्यांना तसं माहीत होतं. पण हिशोबाची दुसरी बाजू एवढी मोठी असेल असं वाटलं नव्हतं.

"मग ठरलं तर," ते म्हणाले. "हीच घेऊ, गिअरची. तुला काही पाळणाबिळणा नको."

"नको. ऑटोमॅटिक घेऊ."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, मग पंधरा दिवस माझं डोकं का खाल्लंस?"

"तुम्ही ती माझ्यासाठी घेत होतात म्हणून. मला माझ्यासाठी नकोय." तिने पहिल्यांदाच वळून त्यांच्याकडे पाहिलं. "गेलं वर्षभर तुम्ही क्लच उजव्या पायाने दाबताय. तिरके बसून. उजव्या पायाने क्लच दाबणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. डावा गुडघा कधीपासून दुखतोय?"

मास्तरांनी नकळत गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "जिना चढताना. थोडासा."

"थोडासा. म्हणून दोन वर्षांत एकदाही स्टीअरिंगवर बसला नाहीत. बाजूच्या सीटची सवय झालीय म्हणे." तिने हात करून शोरूमच्या बाईला बोलावलं. "त्या गाडीत डाव्या पायाला काही काम नाही. मी विचारून ठेवलंय."

शोरूमवर परतल्यावर त्या बाईने दुसरी किल्ली पुढे केली. ती कोणाच्या हातात द्यायची, हे तिला विचारावं लागलं नाही. बायको डावीकडचं दार उघडून आधीच आत बसली होती.

मास्तर स्टीअरिंगवर बसले. सीट मागे घेतली, आरसा लावला, डावा पाय कडेच्या रिकाम्या जागेत नेऊन ठेवला. त्याला तिथे चांगलं वाटत होतं. रस्त्यावर गाड्या तशाच एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, पुलापर्यंत. त्यांनी स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या हातात दिलेली वस्तू आता त्यांच्या हातात होती.

बायकोने पदर सावरला, पट्टा लावला. मग चपला काढून दोन्ही पाय चटईवर पुढे, जरा उजवीकडे, नीट टेकवले.

"घाबरू नका," ती म्हणाली. "मी आहे."