बाळंतिणीच्या खोलीतला बर्फ

आरे-वारेपासून मिरकरवाड्यापर्यंत गंगारामासारखा कारागीर दुसरा नाही, असं तो स्वतःच सांगायचा, आणि गंमत म्हणजे ते खरंही होतं. मासेमारीच्या बोटींच्या पोटात मासळी ठेवायचे खण असतात ना, त्यांना आतून थर्माकोल लावायचा आणि त्यावर फायबरचा थर चढवायचा, हे त्याचं काम. त्याने केलेल्या खणात बर्फ भरून बोट आठ दिवस समुद्रात राहिली, तरी मासळी ताजी ती ताजीच. 'खण असावा तर गंगारामाचा,' असं बोटी चालवणारे तांडेल लोक म्हणायचे. ते कानावर पडलं की त्या दिवशी गंगारामाला जेवण दोन घास कमी लागायचं.

आणि ह्याच बाबाचं स्वतःचं घर म्हणजे नुसती भट्टी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. पाच वर्षांपूर्वी त्याने जांभ्या चिऱ्याचं कौलारू घर पाडलं आणि मोठ्या हौसेने सिमेंटच्या ब्लॉकचं, वर स्लॅब टाकलेलं घर उठवलं. भिंती पातळ, आसपास माड नाही की आंबा नाही, आणि पश्चिमेची खोली थेट समुद्राच्या उन्हात. दुपारी तीनला ती भिंत जी तापायची, ती दिवेलागण झाली तरी हाताला चटका द्यायची. त्यात खारी दमट हवा. अंगावरचा घाम वाळायचं नाव घेत नसे. "ह्या भिंतीवर माजे पापड मात्र झकास भाजतात हो," असं त्याची बायको मथुरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मथुरा मासे विकणारी, तेव्हा तोंडात तिखट असायचंच.

पण त्या मार्चमध्ये तिचं तोंड एकाएकी बंद झालं.

त्याचं असं झालं. त्यांची एकुलती एक लेक पूर्वी, गुहागरला दिलेली. जावई अजिंक्य जहाजावर, सासरे कधीच गेलेले, त्यामुळे घरात पूर्वी आणि तिची सासू गुणवंतीबाई, दोघीच. पूर्वीला सातवा सरत आला, डोहाळजेवण झालं, आणि मथुराने ठरल्याप्रमाणे विषय काढला, की आता लेकीला माहेरी घेऊन जाते. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यात विचारायचं ते काय? दवाखाना रत्नागिरीतच आहे, घरात आधीचे दिवस आणि नंतरचा सव्वा महिना काढायचा.

तर गुणवंतीबाई पानाचा देठ खुडत म्हणाल्या, "विहीणबाई, दिवस वैशाखात भरतात. मागच्या मे महिन्यात तुमच्या त्या खोलीत मी एक रात्र काढली होती. सकाळी मला पिळून दोरीवर टाकायचं तेवढं बाकी होतं. तिथे बाळंतीण ठेवणार? आमची वाडी बघा, पोफळीखाली कशी गारेगार. पूर्वी इथेच राहू दे."

"आमी करू की कायतरी," मथुरा कशीबशी म्हणाली.

"करा. तीन आठवड्यांनी मी येऊन बघते. खोली राहण्याजोगी असेल तर ठेवून जाईन, नाहीतर परत आणीन."

परतताना मथुरा आणि गंगाराम तवसाळच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून आले. जयगडला उतरताना तिने पदराने डोळे पुसले. तीस वर्षांच्या संसारात गंगारामाने तिला रागावलेली शंभरदा पाहिली होती, पण रडताना फार तर दोनदा.

"गप गो," तो म्हणाला. "माज्या खणात आठ दिवस बरफ ऱ्हातो. तिथं माजी लेक ऱ्हानार नाय? त्या खोलीचा खणच करून टाकतो."

आणि मेल्याने खरंच केला! पुढचे दहा दिवस बंदरावरची सगळी कामं बाजूला. पश्चिमेच्या खोलीच्या चारी भिंतींना आतून थर्माकोल, वर छतालाही थर्माकोल, आणि त्यावर गुळगुळीत पांढरा फायबर. खिडकीसुद्धा बुजवली. मथुरा म्हणाली, "अवो, खिडकी कशाला?" तर म्हणतो, "खणाला खिडकी असते काय?" छताजवळची झरोक्याची भोकं भरली. दरवाजाला रबराची पट्टी लावली. दरवाजा बंद करताना 'फुस्स' असा आवाज आला, तेव्हा गंगारामाच्या डोळ्यांत नवीन बोट पाण्यात सोडल्याचा आनंद होता.

मग परीक्षा. बंदरावर खण तपासायची जी रीत, तीच. भर दुपारी बर्फाच्या दोन सारख्या लाद्या आणल्या, एक स्वयंपाकघरात ठेवली, दुसरी बाळंतिणीच्या खोलीत, आणि दार बंद केलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात नुसतं पाणी. खोलीत मात्र अर्ध्याहून जास्त लादी शाबूत! गंगारामाने आळीतल्या लोकांना बोलावून ती दाखवली. शेजारचा सदू तांडेल लादीवर हात फिरवत म्हणाला, "गंगाराम, तुज्या पायाचं तीर्थ घेतलं पायजे."

"बरफ ऱ्हायला," मथुरा म्हणाली. "आता मानूस ऱ्हातो काय ता बगूया."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने खोलीत चटई टाकली. ती, गंगाराम आणि सदू असे तिघे चहा घेऊन बसले आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटं बरं वाटलं. मग सदूच्या चष्म्यावर वाफ धरली. फायबरचा उग्र वास डोक्यात चढायला लागला. तिघांचे श्वास, तिघांचा घाम, चहाची वाफ, सगळं तिथल्या तिथे. पंखा तीच दमट हवा ढवळत होता. सदूचा शर्ट अंगाला चिकटला.

"जरा वेळ द्या," गंगाराम म्हणाला. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब बशीत पडला.

"वेळ कसला देतोस!" सदूने उठून दार उघडलं आणि बाहेरच्या रणरणत्या उन्हात जाऊन असा श्वास घेतला की बास. "मेल्या, मासा मेलेला असतो, म्हनून गप पडून ऱ्हातो! त्याला ना घाम ना श्वास. तुजी लेक जिवंत हाय रे!"

आळीभर हसू झालं. गंगाराम त्या रात्री जेवला नाही. आपल्या हुशारीपायी दहा दिवस फुकट गेले आणि लेक हातची जाणार, ह्या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मथुराने मात्र, कोण जाणे कसं, एकही टोमणा मारला नाही. ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "नऊ दिवस हायत अजून. डोकं ज्यानं लावलं, त्यानंच परत लावायचं."

सकाळी गंगाराम घराच्या बाहेर जाऊन पश्चिमेच्या भिंतीसमोर बसला. कामाला नाही, नुसता बसला. दुपार झाली, ऊन भिंतीवर आलं, तशी त्याने तिच्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. हे बघा, भिंत आधी बाहेरून ऊन पिऊन बसते, आणि हा शहाणा तिला आतून अडवत होता! वर पावसाळ्यात बाहेरून पाणी मुरलं असतं तर फायबरमागे ती कधी वाळली नसती, बुरशी धरली असती ती वेगळीच. खणाला काम एकच, बाहेरची गरमी आत येऊ द्यायची नाही. घराला कामं दोन. बाहेरची गरमी बाहेर थांबवायची, आणि आतल्या माणसांचा वाफारा बाहेर जाऊ द्यायचा.

"सदू!" तो ओरडला. "पहार आन!"

आतला फायबर निघाला. थर्माकोलचे जेवढे तुकडे धड निघाले ते भिंतीच्या बाहेरच्या अंगाला चिकटवले, उरलेल्या जागेला नवा आणला, त्यावर जाळी ठोकली, जाळीवर प्लास्टर, आणि प्लास्टरवर पांढराशुभ्र चुना, ऊन परतवायला. त्याच्याही पुढे वीतभर जागा सोडून माडाच्या विणलेल्या झापांचा पडदा उभा केला, म्हणजे ऊन झापांवर आणि मधून वारा. स्लॅबवरही झापं अंथरली. बुजवलेली खिडकी फोडली, समोरच्या भिंतीत दुसरी काढली. छताजवळचे झरोके पुन्हा उघडले, गरम हवा वरून निघून जायला. ह्या वेळी बर्फ आणलाच नाही. तीन दिवस दुपारी गंगाराम स्वतः त्या खोलीत झोपला. तिसऱ्या दिवशी त्याच्या घोरण्याने मथुराला बाहेरून कडी वाजवावी लागली.

ठरल्या दिवशी गुणवंतीबाई आल्या, पूर्वीला घेऊन, आणि नेमक्या दुपारी तीनला. पाणीसुद्धा न पिता सरळ खोलीत गेल्या. पश्चिमेच्या भिंतीवर त्यांनी तळहात ठेवला. मग पालथा हात ठेवला. दोन्ही खिडक्यांमधून वारा वाहत होता. त्यांनी छत पाहिलं, कोपरे पाहिले, वास घेऊन पाहिला. मग खाटेवर बसल्या आणि चादरीवरून हात फिरवत राहिल्या.

"खोली चांगली आहे," त्या शेवटी म्हणाल्या. पण कशा आवाजात! कोणी गेल्याची बातमी सांगावी तशा.

"मग तोंड का उतरलं, विहीणबाई?"

"आता नाही म्हणायला माझ्याकडे काही उरलं नाही ना." गुणवंतीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "अजिंक्य जहाजावर. ही इकडे आली की त्या एवढ्या वाडीत मी एकटी. पहिलं नातवंड, आणि मी ते फोनवर बघायचं. मागच्या मे महिन्यात उकडलं ते खरं, पण... एवढंही नव्हतं उकडलं."

मथुराने तीन आठवड्यांत ह्या बाईला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या होत्या, त्या लिहिण्याजोग्या नाहीत. त्यातली एकही तिला आता आठवेना. ती खाली, विहिणीच्या पायांशी बसली.

"मग तुमी पन ऱ्हावा की."

"इश्श, विहिणीच्या घरी? सव्वा महिना? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, बाळ लय खोडकर हाय, एक आजी पुरत नाय."

दारात उभी असलेली पूर्वी हसता हसता रडायला लागली. गुणवंतीबाईंनी डोळे टिपले, मथुराकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "पण मी झोपू कुठे? बाजूच्या खोलीत ऊन किती येतं?"

मथुरा खिडकीशी गेली आणि ओरडली, "अवो, ऐकताव काय?"

गंगाराम केव्हाच बाहेर उन्हात उभा होता, हातात टेप घेऊन, बाजूच्या खोलीची भिंत मोजत.